वरची चिमूट

आमच्या गोदामात पंखा होता, पण तो लावायचा नाही असा माझा हुकूम होता. लातूरचा उन्हाळा, वर पत्रे, आत बारा बायका आणि डाळीचा धुरळा, तरी पंखा बंद. कारण खाली मेणबत्त्या पेटलेल्या असायच्या आणि त्यांच्यावर आम्ही प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं चिकटवायचो. करवतीच्या पात्याचा तुकडा घ्यायचा, पिशवीचं तोंड त्यावर दुमडायचं, दोऱ्याएवढी कड बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरून सर्रकन ओढायची. हळू ओढली तर भोक पडायचं, जोरात ओढली तर तोंड उघडंच राहायचं. एखादी नवी बाई उकाड्यानं कावून पंख्याचं बटण दाबायची, सगळ्या मेणबत्त्या एकदम विझायच्या आणि मी ओरडायचे, "कुणाच्या बापाचं लगीन हाय गं, वारा घालायला?" मग सगळ्या हसायच्या आणि काडेपेटी शोधायला लागायच्या.

आता मी लेकीकडे नांदेडला असते. ती मला त्या मोठ्या दुकानात नेते, जिथं आपणच गाडा ढकलायचा आणि आपणच सामान उचलायचं. डाळीच्या पाकिटांपाशी माझे पाय थांबतात. मी पाकीट उलटं करते, जोड बोटानं दाबून बघते. लेक म्हणते, "आई चल ना, लोकं बघून राहिले." बघू देत की! आमच्या हातचं पाकीट डोक्यावर उभं केलं तरी दाणा सांडत नव्हता, हे त्या लोकांना काय माहीत.

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कागदावरच्या एका सहीसाठी उस्मानाबादेला हेलपाटे घालायचं संपलं म्हणून लोक खूष होते. पानाच्या टपरीवरचा माणूससुद्धा "आपला जिल्हा, आपला जिल्हा" करायचा. भाड्याच्या घरांत कचेऱ्या उघडत होत्या, रोज कुणीतरी नवा साहेब बिऱ्हाड घेऊन येत होता. आणि दुसरीकडे दोन वर्षं पाऊस नव्हता. नळाला पाणी आलं की गल्लीत भांडणं व्हायची, गावागावांतून माणसं लातूरला कामाला यायची. आडतीवर माल येईना, आमच्या मालकांचं अर्धं गोदाम रिकामं पडलं.

मालक लिंगायत, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, बोलणं हळू. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आजोबा-पणजोबांपासूनची आडत होती त्यांची. त्यांच्या ध्यानात आलं की ह्या साहेबांच्या बायकांना सुटी डाळ नको असते. घरी आणून खडे निवडत कोण बसणार? त्यांना निवडलेली, पाखडलेली, किलोकिलोनं पिशवीत भरलेली डाळ पाहिजे. मग आप्पांनी डाळमिलमधून पोती आणून गोदामाच्या रिकाम्या बाजूला टाकली आणि बायका बसवल्या. लातूरच्या नव्या दुकानांत आमची पाकिटं जायची, आणि आठवड्यातून दोनदा नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडे ट्रक जायचा. पहिल्या दिवशी तयार पाकीट हातात घेऊन उमरीकडची एक बाई म्हणाली, "बघा बाई, माणसाच्या लेकराला अंगात घालाया न्हाई आन् डाळीला झबलं शिवलंय!" त्यानंतर आम्ही पिशवीला झबलंच म्हणायला लागलो. "ए, झबली आण गं शंभर!" आप्पासुद्धा म्हणायचे.

माझा नवरा तिथंच आडतीवर हमाल होता. मी सातवी शिकलेली आणि तोंडानं फटकळ, म्हणून आप्पांनी मला मुकादम केलं. मला त्याचा लई ताठा होता, खोटं कशाला बोलू! कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून मी गोदामातनं उगाच दोन-दोन फेऱ्या जास्त मारायचे.

पण दिवस काय होते ते! सकाळी सुपं सळसळायला लागली की बोलणी सुरू व्हायची. कुणाची सासू, कुणाचा दीर, कुठल्या साहेबाची बायको नळावर पाणी भरताना कशी रडली, सगळं पाखडून निघायचं. पाकिटं मोजताना जुन्या बायका एक म्हणायच्या नाहीत, पहिल्याला "लाभ" म्हणायच्या. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर धान्य मोजायची तीच रीत. मी शाळेत शिकलेली, मी एकपासून मोजायचे, तर त्या माझी टर उडवायच्या. दुपारी सगळ्या गोल करून बसायच्या. भाकरी मधे ठेवायच्या, कोरड्यास मधे ठेवायचं, कोण कुणाचं खातंय याचा हिशेब नसायचा. दुष्काळात कोरड्यास म्हणजे काय, तर कुणाची चटणी, कुणाचा ठेचा, फार तर कुणी पातळ पिठलं आणायची. तरी त्या जेवणासारखं जेवण मी पुढं जेवले नाही.

ह्या सगळ्यात तराजूवर बसायची अव्वा. जळकोटकडची होती. तिकडं आईला, आजीला अव्वा म्हणतात, कानडी मुलूख जवळ आहे ना. साठीच्या आसपास वय, कपाळाला भस्माचं बोट, लुगडं विरलेलं पण स्वच्छ. घरची शेती चांगली मोठी, पण विहीर आटली, मुलगा बायकोपोरं घेऊन लांब कुठंतरी कामाला गेला, म्हातारा गावात जनावरांपाशी. गावाशेजारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बायका जात होत्या. अव्वानं मला एकदा सांगितलं, "पोरी, ज्यान्ला मी खळ्यावर उभी राहून धान्य मापून दिलं, त्यान्च्याच रांगेत बसून खडी कशी फोडू गं? त्यान्लाच वंगाळ वाटंल. म्हणून हितं आले. हितं मला कोण वळखतंय?" एवढंच तिला हवं होतं. काम करायची लाज नव्हती तिला, फक्त बघणारं कुणी नको होतं.

तिचा हात तराजूसाठीच घडवलेला होता. एका झपाट्यात पारडं भरायची, काटा मधे आला की थांबायची, डाळ पिशवीत ओतायची आणि पिशवी पुढच्या बाईकडं सरकवायची. दिवसाला चार-पाच पोती तिच्या हातून जायची. जेवायला गोलात बसायची, पण अर्धी भाकर घ्यायची. "सकाळीच पोटभर खाऊन आले बाई," म्हणायची. जेवणं झाली की बायका भाकरीच्या जाड कडा टाकायच्या, त्या ती गोळा करायची. "टाकू नका गं, गाईला न्हेते." आम्ही पण कडा तिच्यासाठी बाजूला ठेवायला लागलो. गाईच्या मुखात जातंय, चांगलंच आहे, एवढाच विचार.

मग एक दिवस आप्पांनी मला बाजूला बोलावलं. "शंभर किलोच्या पोत्यातनं शंभर पाकिटं निघत न्हाईत. खडा-कचरा येगळा तोलला, तो वजा केला, तरी दोन पाकिटं कमी येतात. दर पोत्याला. डाळ जातीय कुठं?"

"उंदरं असतील, आप्पा."

"उंदीर तोलून न्हेतोय व्हय, दर पोत्याला दोन किलो?" आप्पा हसले. "मला कुठल्या लेकीबाळीवर आळ घ्यायचा न्हाई. पण असंच चाललं तर हे काम परवडणार न्हाई. बंद करावं लागंल."

झडतीची गोष्ट आप्पांनी काढली नव्हती. ती माझ्या डोक्यातनं निघाली. माझ्या हाताखाली चोरी म्हणजे माझं नाक कापल्यासारखं झालं मला. आणि दिवस असे होते की कुणाचाही संशय यावा. घरात पोरं उपाशी, समोर पोत्यानं डाळ, एखादीनं मूठभर ओटीत घातली तर नवल काय? मला सगळ्यांचे चेहरे चोरासारखे दिसायला लागले. संध्याकाळी सुटी झाली की मी दारात उभी राहायचे आणि एकेकीची ओटी बघायचे. पहिल्या दिवशी बायकांनी चेष्टाच केली. उमरीवाली कंबर झटकून म्हणाली, "घ्या मुकादमबाई, हुडका, सापडलं तर निम्मं मला द्या!" दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. तरीही पोत्यामागं दोन किलो कमीच.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, बायकांच्या भाकरीच्या पिशव्या पण बघायच्या. सगळ्यांच्या बघितल्या. अव्वा शेवटी आली. तिनं पिशवी छातीशी धरली होती.

"आज ऱ्हाऊ दे, पोरी."

"का ऱ्हाऊ दे?"

"ऱ्हाऊ दे म्हणते ना. ओटी बघ पाहिजे तर."

इथं मी थांबायला पाहिजे होतं. माझ्या आईच्या वयाची बाई, कधी एक शब्द वावगा बोललेली नाही. पण माझा राग म्हणजे चुलीवरचं दूध, एकदा वर आलं की आवरत नाही. "सगळ्यान्ला एक कायदा आन् तुला एक व्हय?" मी ओरडले आणि पिशवी ओढली. जुनी पिशवी, बंद तुटला. आतलं फडकं खाली पडून सुटलं.

भाकरीच्या कडा. नीट एकावर एक रचलेल्या, आणि कागदाच्या पुडीत मीठ-तिखट. डाळीचा एक दाणा नव्हता.

मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात अव्वाच्याच गल्लीत राहणारी एक बाई, साधी भोळी, मनात काही नसलेली, ती म्हणाली, "पर अव्वा, आपल्या गल्लीत गाय कुठं हाय?"

सगळ्यांच्या नजरा त्या कडांकडं गेल्या. बोलणारीला पण बोलून झाल्यावर कळलं, तिनं तोंडावर पदर धरला. अव्वा खाली बसली, तुकडे गोळा केले, फुंकून फडक्यात बांधले. मी वाकून मदत करायला गेले तर म्हणाली, "सोड." एवढंच. मीठ-तिखटाची पुडी फुटली होती, ती तिथंच राहिली.

त्या रात्री मला भाकर गेली नाही. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावरच खेकसले. सकाळी वाटलं, आता अव्वा यायची नाही, आणि मी सुटले. पण ती आली. वेळेवर आली, पदर खोचला आणि तराजूवर बसली. न येऊन जाणार कुठं होती? मी तिच्या समोरून चारदा गेले. "अव्वा, चुकलं माझं," हे तीन शब्द. निघाले नाहीत. मुकादम ना मी! सगळ्यांदेखत पिशवी ओढायला लाज वाटली नव्हती, माफी मागायला वाटली.

त्याच आठवड्यात नांदेडचा व्यापारी स्वतः आला. गादीवर टेकला, चहा घेतला आणि म्हणाला, "आप्पा, तुमच्या पाकिटाची कमालच झाली. बाया दुकानात येतात, दोन पाकिटं दोन हातांत तोलून बघतात अन् तुमचंच न्हेतात. काय भरून राहिलात हो तुम्ही?"

आप्पांना काही उमगेना. त्यांनी ढिगातलं एक पाकीट उचलून तराजूत टाकलं, दुसऱ्या पारड्यात किलोचं वजन ठेवलं. पाकिटाचं पारडं खाली गेलं. दुसरं पाकीट टाकलं, तेही खाली. पाच, दहा, वीस. सगळी जड. फार नाही, जराशीच.

"आरं, हे कसं काय?" असं म्हणत आप्पांनी मान वर केली. बाजूच्या तराजूवर अव्वाचं काम चालूच होतं. तिनं पारडं भरलं, काटा मधे आला, डाळ पिशवीत ओतली, आणि मग तिचा हात ढिगाकडं गेला, पाच बोटांत मावेल एवढी डाळ उचलली आणि पिशवीत वर टाकली. मग पिशवी पुढं सरकवली.

सगळ्यांनी बघितलं. आणि खरं सांगते, सगळ्यांनी ते रोजच बघितलं होतं. मी तर तिच्या डोक्यावर उभी असायचे. पण आमच्यातल्या एकीलाही ते दिसलं नव्हतं, कारण प्रत्येकीच्या घरी तेच चालायचं. शेजारणीला उसनं पीठ दिलं तर वर चिमूट, बलुतेदाराला मापून धान्य दिलं तर वर ओंजळ. नेमकं मापाएवढंच देणं म्हणजे दळभद्रीपणा. वरची चिमूट पडल्याशिवाय माप पुरं झालं असं आम्हाला वाटतच नव्हतं, मग ती कमी-जास्तीत धरायची हे कुणाला सुचणार? तीन दिवस मी चोर हुडकत होते आणि डाळ भर उजेडात, सगळ्यांसमोर, हातानं वाटली जात होती.

आप्पा तर डोक्याला हात लावून बसले. "माझा आजा पण असंच टाकायचा की! बरकत ऱ्हाती म्हणायचा. मीच इसरलो." मग अव्वापुढं येऊन उकिडवे बसले. "अव्वा, तुझ्यावर कुणाचा राग न्हाई. पर ही चिमूट आता बंद कर. झबल्यावर एक किलो छापलंय, तेवढंच जाऊ दे."

अव्वा घाबरली होती. आपलं काम जातंय असं तिला वाटलं असणार. "मी जाणून न्हाई टाकली, आप्पा. हात आपोआप जातोय."

"मालूम हाय मला."

मग तिनं तो हात थांबवायचा प्रयत्न केला, आणि ते बघणं मोठं अवघड होतं. पारडं ओतलं की हात निघायचाच. ढिगापर्यंत जायचा, तिथं तिला आठवायचं, मग मागं यायचा. एकदा तर चिमूट टाकून झाल्यावर तिनं ती पिशवीतून परत काढली. काढताना तिचं तोंड असं झालं, जसं कुणाच्या ताटातला घास उचलतेय. दुपारनंतर तिनं पोतं शिवायच्या सुतळीचा तुकडा घेतला आणि उजव्या मनगटाला बांधला. हात ढिगाकडं गेला की सुतळी दिसायची. दोन-तीन दिवसांत हात थांबला. पोत्यातनं पाकिटं बरोबर निघायला लागली. अव्वाची जागा राहिली, काम राहिलं, आणि चोरीचा डाग कुणालाच लागला नाही.

पण ती आमच्यात जेवायला बसली नाही. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, राग आहे, जाईल. बायका तिच्यासाठी अख्ख्या भाकरी राखून ठेवायला लागल्या, उमरीवाली कोरड्यास घेऊन तिच्यापर्यंत गेली. अव्वा म्हणायची, "खाऊन आले बाई." पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन पाठ करून बसायची, काय खायची, खायची की नाही, कुणाला कळलं नाही. भाकरीच्या कडा तिनं पुन्हा गोळा केल्या नाहीत. आमचा गोल होता तसाच बसायचा, पण बोलणं पहिल्यासारखं रंगायचं नाही. कुणी मोठ्यानं हसलं की बाकीच्या थप्पीकडं बघायच्या. मी तर भाकर तोडायचे आणि गिळायचे, चव कशाची!

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. तिच्या म्हाताऱ्याचा निरोप आला, मुलगा परत आलाय, पेरणी झालीय, ये. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी मी किल्ल्या दुसऱ्या बाईकडं दिल्या आणि तिचं गाठोडं घेऊन एसटी स्टँडवर गेले. तिनं नको म्हटलं, मी ऐकलं नाही. जळकोटची गाडी लागायला उशीर होता. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. इतके महिने जे निघालं नव्हतं ते तिथं निघालं, रडत रडत निघालं. "अव्वा, माझं लई चुकलं गं. मला चपलेनं मार, पर असं गप नको बसू."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खुळी हायस का? तू तुजं काम केलंस."

"मी दिवाळीला येते तुझ्या गावाला. येऊ ना?"

"ये की. का न्हाई?" गाडी आली होती, लोक घुसायला लागले होते. मी गाठोडं खिडकीतून आत दिलं. ती जागा धरून बसली, मग खिडकीतून वाकली आणि माझं मनगट धरलं. आजूबाजूला गावाकडचं कुणी नाही ना, असं आधी बघून घेतलं.

"येशील तवा बाकी काय पण सांग. डाळ भरत व्हते म्हण, तराजूवर व्हते म्हण. गाईचं तेवढं कुणाला सांगू नको, पोरी. घरात पण नको."

मी मान हलवली. गाडी गेली. त्या दिवाळीला मी गेले नाही, नंतरही कधी गेले नाही. तिच्या सुनेसमोर, म्हाताऱ्यासमोर बसून जेवायची माझी हिंमत झाली नाही. ती कधी वारली तेही मला कळलं नाही.

आणि आता हे सगळं लिहून बसलेय, म्हणजे सांगितलंच की मी. म्हणून तिचं नाव लिहिलेलं नाही. गावाचंही नाही.